इंग्रजी साहित्यवाली धम्मशीला

धम्मशीला सरदार पहिल्यांदा माझ्यासमोर आली तेव्हा मी तिच्याशी भांडले. मी जानेफळच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि माझा राग गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे स्टाफरूममधल्या कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

ती सतरा नंबरचा अर्ज घेऊन आली होती. बाहेरून बारावीला बसायचं तर हा अर्ज भरावा लागतो. वय सदतीस, गावातल्या अंगणवाडीत बारा वर्षं मदतनीस. तिथल्या सेविकाबाई पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. त्या जागेला बारावी पास हवं होतं. म्हणजे पास होणं एवढंच काम. आणि या बाईनं विषयांच्या रकान्यात लिहिलं होतं, इंग्रजी साहित्य! सगळ्यांना असतं ते इंग्रजी वेगळं. हा वरचा विषय. आमच्या कॉलेजात गेल्या सहा वर्षांत एकाही पोरानं घेतला नव्हता आणि त्यांना न घेण्याचा सल्ला देणारी मीच होते.

“तुम्हाला नोकरी पाहिजे की हौस भागवायची आहे?” मी विचारलं.

“दोन्ही पायजे, मॅडम.”

“नापास झालात तर जागा हातची जाईल. परत कधी निघेल सांगता येत नाही.”

“हाव, मले माहीत आहे. पण अकरावीत मी हाच विषय घेतला होता. मधातच लग्न झालं, पुस्तकं वापस द्या लागली. तवापासून डोक्यातच आहे. दुसरा विषय घेऊन पास झाली, त ते पास माह्यं वाटनार नाही.”

मी अर्जावर सही केली. रागातच केली, पण केली. वर म्हणाले, “रविवारी दहाला यायचं. उशीर चालणार नाही.”

ती पावणेदहालाच येऊन पायरीवर बसलेली असायची. इंग्रजी कच्चं होतं, पण वाचायला लागली की मी ऐकतच राहायचे. घाई नाही, अडखळणं नाही. समोर शंभर माणसं बसली आहेत अशा बेतानं वाचायची. एवढं वाचन कुठे शिकली, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. शिकवणाऱ्यांना आपणच शिकवल्यासारखं वाटतं, दुसरं काय!

अभ्यासाला एका पोस्टातल्या बाईची गोष्ट होती. गावातली एक आई रोज पोस्टात येऊन विचारते, मुलाचं पत्र आलं का? मुलगा मेल्याचं पत्र आलेलं असतं. पोस्टातली बाई ते तीन वर्षं दडवून ठेवते. का? गाईडमध्ये उत्तर होतं, दयेपोटी. बावीस वर्षांत ज्यांनी हा विषय घेतला, त्या सगळ्यांना मी तेच शिकवलं होतं. धम्मशीलानं उत्तरात लिहिलं की दया वगैरे काही नाही, त्या बाईला स्वतःसाठी ते पत्र दडवावं लागलं. मी वीसपैकी तीन मार्क दिले.

“हे कुठून आणलंस?” एव्हाना मी तिला अगंतुगं करायला लागले होते.

“तानाआजी तसं म्हनते.”

“कोण तानाआजी?”

तेव्हा कळलं. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने आमच्याकडच्या बौद्ध वस्तीत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. एक भाग संपला की वाचणारा थांबतो आणि म्हणतो, शंका असेल तर विचारा. शंका मिटल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. जानेफळच्या विहारात दहा वर्षं हे वाचन धम्मशीला करत होती. यंदा ग्रंथ मिटला की ती बायांना घडीभर थांबवून घ्यायची आणि माझ्याकडे शिकलेली गोष्ट वऱ्हाडीत सांगायची. तेवढाच सराव.

एका रविवारी शिकवणी आटोपल्यावर मी संध्याकाळपर्यंत थांबले आणि गेले ऐकायला. सगळ्यांत पुढे तानाबाई बसलेल्या. ऐंशीच्या घरातल्या, अक्षरओळख नाही. मी मास्तरीण म्हणून माझी कीव केल्यासारखं त्यांनी समजावून सांगितलं.

“दया कायची वं, माय? थे मायच रोज तिच्याकडे येत होती. दुसरं कोन येत होतं तिच्या दारात? पत्र हाती देल्लं असतं, त उद्यापासून तेही येनं बंद. तिले एकटं राहाचं नव्हतं.”

बावीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. तरी परत येताना मी धम्मशीलाला बजावलं, “परीक्षेत मात्र गाईडचंच लिही. तुझ्या जागेचा प्रश्न आहे.”

फेब्रुवारीत तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक बुलढाण्याहून आले होते, घड्याळ बघणारे. त्यांच्या शेजारी कॉलेजतर्फे मी. त्यांनी पोस्टातल्या बाईचाच उतारा वाचायला दिला. धम्मशीला उभी राहिली आणि तिनं शांतपणे वाचलं. मग सवयीनं पुस्तक मिटलं, परीक्षकांकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, “काही शंका?”

परीक्षकालाच शंका विचारतात का कुठे! साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, “आहे. या बाईनं पत्र का दिलं नाही?”

मी टेबलाखाली मुठी आवळल्या. दया म्हण. एक शब्द म्हण आणि मोकळी हो.

तिनं दया म्हटलं नाही. मोडक्यातोडक्या पण ठाम इंग्रजीत तिनं तानाबाईंचं सगळं म्हणणं मांडलं. साहेब म्हणाले, पुस्तकात तर असं लिहिलेलं नाही. तिनं पान उघडलं आणि एक ओळ वाचून दाखवली: ती आई निघून गेली की पोस्टातली बाई दार बंद होईपर्यंत तिकडेच बघत राहायची. ही ओळ मी कित्येकदा वाचली होती. साहेबांनी पुढची दहा मिनिटं घड्याळ पाहिलं नाही.

मे महिन्यात निकाल लागला. इंग्रजी साहित्यात एकाहत्तर, बाकी सगळे विषयही निघाले. जुलैत सेविकेची ऑर्डर हातात पडली. माझी विद्यार्थिनी म्हणून मी ज्याला त्याला सांगत सुटले. खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या निकालालाही मी एवढी फुगले नव्हते.

विहारात बायांनी तिचा सत्कार ठेवला, मलाही मानानं बोलावलं. हार घालून झाल्यावर तानाबाईंनी भर सभेत विचारलं, “त्या मार्कांतले माहे किती वं?”

लोक हसले. धम्मशीला हसली नाही. म्हणाली, “लेखीचे माहे, आजी. तोंडीचे वीसपैकी अठरा भेटले, थे तुहे.”

“अन् दोन कोनं कापले?”

तोंडीच्या दिवशी परीक्षक साहेब पुरे वीस देत होते. परीक्षकाला शंका विचारणं हा आगाऊपणा झाला, असं म्हणून ते दोन मी कमी करायला लावले होते. हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. पण तोंडीला मी बसले होते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळी सभा माझ्याकडे बघत होती आणि मी उठून उभी राहिले.

“मी कापले, आजी,” मी म्हणाले. “चुकलं माझं.”