ओघळलेला आठ

थोरलीच्या लॉन्ड्रीत कपडा आला, की ती आधी कपड्याकडे नाही, तो घेऊन येणाऱ्याकडे बघायची. "हा कोट तुमचा? खांद्यात सैल आहे. आधी शिंप्याकडे न्या, मग माझ्याकडे आणा." गिऱ्हाईक गुमान शिंप्याकडे जायचं. तिचं बोलणं कुणाला लागत नसे, कारण ते खरं असे, आणि बोलताना तिच्या हातातली इस्त्री थांबत नसे.

लॉन्ड्री घराच्या तळमजल्यावर होती. पहिल्या मजल्यावर थोरली, तिचा नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. त्याच्यावर धाकटा दीर आणि त्याची बायको, म्हणजे धाकटी. सगळ्यांचा जिना एकच, आणि तो लॉन्ड्रीतच उतरायचा. त्यामुळे घरातून बाहेर पडणारं माणूस थोरलीच्या नजरेखालूनच जायचं. जाताना शेवटच्या पायरीवर थांबून विचारायचं, "हे चालेल का?"

नवरा विचारायचा. दीर पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघाला तेव्हा तीनदा विचारून गेला होता. शेजारचा दातांचा डॉक्टर तर स्वतःच्या लग्नाचा सूट घालून रस्ता ओलांडून आला होता. थोरली एकदाच मान वर करायची आणि सांगायची, चालेल, नाहीतर बदल. पुढे वाद नसे. ती स्वतः वर्षानुवर्षं त्याच दोन राखाडी झग्यांत वावरली, पण त्या झग्यांच्या बाह्यांना कधी सुरकुती दिसली नाही. रूप, शिक्षण, दागदागिने यांतलं तिच्या वाट्याला फारसं काही आलं नव्हतं. हा एक प्रश्न आला होता, आणि तो तिला पुरत होता.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लग्न होऊन आली तेव्हा तीही पायरीवर थांबायची. "ताई, बघा हं, चालेल का?" थोरली तिला इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ बघायची, कारण धाकटीला सगळंच चालायचं. पोतं अंगावर घेतलं असतं तरी लोकांनी शिंप्याचा पत्ता विचारला असता. थोरलीला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

दिराला तरुणपणी फुटबॉलचं वेड होतं. खेळण्याचं नाही, बघण्याचं. निरनिराळ्या संघांचे शर्ट त्यानं पेटीभर जमवले होते. पुढे पोट सुटलं, शर्ट पेटीत राहिले. एका रविवारी धाकटीनं ती पेटी उघडली आणि गडद हिरवा शर्ट काढला. पाठीवर पांढरा आठ आकडा. बाह्या दोनदा दुमडल्या, खाली चुण्यांचा लांब स्कर्ट, कानांत लोंबते डूल, आणि उतरली खाली.

"काय गं, मॅच आहे का?" थोरलीनं विचारलं.

"नाही ताई, भाजी आणायला चाललेय."

आणि पायरीवर न थांबता ती गेली.

थोरलीची इस्त्री त्या दिवशी हवेतच राहिली. धाकटीनं विचारलं नव्हतं. तिच्या मनात काही वाकडं होतं असं नाही, ती नुसती विसरली होती. आणि नेमकं तेच थोरलीला झोंबलं.

पुढच्या आठवड्यात धाकटीनं लाल शर्टावर निळा मफलर घेतला. दीर जिन्यात कपाळाला हात लावून उभा. "अगं, शर्ट एका संघाचा, मफलर त्यांच्या हाडवैऱ्यांचा. ही माणसं एकमेकांच्या मयताला जात नाहीत."

"रंग जुळतात ना?"

"रंग जुळतात."

"मग त्यांना सांग, माझ्याकडे बघून शिका म्हणावं."

तिला कोण कुणाकडून खेळतं याचा पत्ता नव्हता. रस्त्यात एका म्हाताऱ्या फुटबॉलवेड्यानं अडवून विचारलं, यांचा गोलकीपर कोण, तर म्हणाली, "काका, शर्ट नवऱ्याचा आहे, गोलकीपर तोच असेल." म्हातारा हसत हसत गेला आणि चार ठिकाणी ते सांगून आला.

बघता बघता रस्त्याला लागण झाली. बँकेतली कॅशियर फुटबॉलचा शर्ट कोटाच्या आत घालून यायला लागली. बेकरीवाल्याच्या सुनेनं नवऱ्याचा जुना शर्ट काढला. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता त्यांच्या पाठींवर दहा, सात, अकरा असे आकडे फिरू लागले. आणि हे सगळे शर्ट शेवटी यायचे कुठं? थोरलीच्याच टेबलावर. डोळ्यांत खुपणारी वस्तू रोज आपल्याच हातांनी गुळगुळीत करून द्यायची, असा प्रसंग. वर गिऱ्हाईक म्हणायचं, "तुम्ही त्या वरच्या बाईंच्या जाऊबाई ना? किती छान राहतात हो त्या." थोरली घड्या जरा जास्तच दाबून घालायची.

एका दुपारी रस्ता सामसूम असताना तिनं शटर अर्धं ओढलं आणि इस्त्रीला आलेला धाकटीचा तो हिरवा शर्ट स्वतःच्या झग्यावर चढवला. बाह्या दुमडल्या, एकदा, मग दोनदा. मान तिरकी करून आरशात बघितलं. भिंत रंगवायला आलेला माणूस जेवणाच्या सुट्टीत आरशासमोर उभा राहावा तसं ते दिसत होतं. शर्ट तोच, आरसा तोच. ती अजून मान तिरकी करूनच उभी होती, तेवढ्यात शटरखालून नवरा आत शिरला.

"आज गोलकीपर बदलला वाटतं," तो म्हणाला.

तो सहज म्हणाला होता. पण संध्याकाळी त्याच्या ताटात आमटी जरा जोरातच पडली.

एवढ्यावर भागलं असतं. पण मोठ्या रस्त्यावरच्या कापडदुकानवाल्यानं एक टूम काढली. आपल्या भागातल्या झोकात राहणाऱ्या माणसांचे फोटो मोठे करून तो दुकानाच्या काचेत लावणार होता. पहिला फोटो धाकटीचा. शनिवारी काढायचा ठरला, तोच हिरवा शर्ट घालून. शुक्रवारी संध्याकाळी धाकटीनं शर्ट आणून टेबलावर ठेवला.

"ताई, जरा हात फिरवाल? तुमच्यासारखा कुणाचाच हात नाही."

"ठेव."

असल्या शर्टाला इस्त्री कशी करायची हे थोरलीला झोपेतही सांगता आलं असतं. आकडा कापडावर गरम दाबून चिकटवलेला असतो. शर्ट उलटा करायचा, इस्त्री मंद ठेवायची, मध्ये पातळ फडकं घालायचं. आकड्यावर उघडी इस्त्री ठेवली, की तो वितळलाच.

शनिवारी सकाळी तिनं शर्ट उलटा केला, फडकंही हाताशी घेतलं. इतक्यात जिन्यावर मुलीची पावलं वाजली. थोरली सवयीनं मान वर करायला गेली. पण पावलं खाली आली नाहीत, वर गेली. मग वरच्या मजल्यावरून मुलीचा आवाज आला.

"काकू, हे चालेल का?"

आणि धाकटीचा, "अय्या, झकास. फक्त केस मोकळे सोड."

 थोरलीनं शर्ट पुन्हा सुलटा केला, फडकं बाजूला ठेवलं, इस्त्रीची कळ शेवटपर्यंत फिरवली, आणि पांढऱ्या आठावर इस्त्री टेकवून ती हळूहळू खाली ओढली.

जळकट वास आला. इस्त्री उचलली तर आठाचं वरचं वेटोळं जागच्या जागी होतं, पण खालचं सुटून मेणबत्तीसारखं ओघळत पार शर्टाच्या काठापर्यंत गेलं होतं. क्षणभर तिला बरं वाटलं. दुसऱ्या क्षणी तिनं तो ओघळ नखानं वर सारून बघितला, पण तो घट्ट बसला होता.

धाकटी शर्ट न्यायला आली. "हात चुकला," थोरली म्हणाली. तिचा हात आजवर कधी चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं. धाकटीनं शर्ट उजेडात धरला. बराच वेळ बघितला. एकदा थोरलीकडे बघितलं. थोरली उगाच एका उशीच्या अभ्र्याची घडी मोडून परत घालत होती.

"असू दे ताई," धाकटी म्हणाली, आणि तोच शर्ट घालून गेली.

सोमवारी फोटो काचेत लागला. पाठमोरी धाकटी, खांद्यावरून मागे वळून बघणारी, आणि पाठीवर पाझरत चाललेला आठ. बघायला गर्दी. हे कुठं मिळतं, कुणी केलं, कोणत्या संघाचं? धाकटी चष्म्याच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "विकत नाही मिळत. आमच्या जाऊबाईंचं काम आहे. त्यांनी खास केलंय."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. नीट इस्त्री केली असती तर नाव धाकटीचं झालं असतं. बिघडवली, तरी धाकटीचंच झालं. आयुष्यात एकदा धीर करून वाईट वागली, तर तेही हिनं उचलून स्वतःच्या पाठीवर मिरवलं, वर चांगुलपणाही हिचाच.

मंगळवारपासून लोक शर्ट घेऊन दारात. "आमचाही ओघळवून द्या." पहिली आली मोबाइलच्या दुकानातली मुलगी, पिवळा शर्ट, काळा सात. नाही म्हणायला थोरलीची जीभ वळेना. नाही म्हणावं, तर शनिवारी काय झालं ते सांगावं लागणार. तिनं मुलीला संध्याकाळी यायला सांगितलं आणि आधी दिराच्या पेटीतल्या एका फाटक्या शर्टावर करून बघितलं. इस्त्री तीच, कळ तितकीच फिरवलेली, पण आकडा ओघळेना. कुठं नुसता सुरकुतला, कुठं बुडबुडे आले. दुसऱ्या शर्टावर इस्त्री जास्त वेळ टेकवली, तर आरपार भोक. तिसऱ्यावर आकडा अख्खा इस्त्रीलाच चिकटून आला. ती चाकूनं इस्त्रीचा तळ खरवडत बसली होती, तेव्हा धाकटी कामावरून आली.

धाकटीनं पर्स खुंटीला अडकवली आणि तिन्ही शर्ट उलटेपालटे करून बघितले.

"ताई, त्या दिवशी कसं केलं होतंत?"

"इस्त्रीनंच. आणखी कशानं करणार?"

"ते झालं. मनात काय होतं?"

थोरलीनं खरवडणं थांबवलं नाही. "मनात काय असायचंय. कामं पडली होती ढीगभर."

"सकाळची वेळ होती, नाही का," धाकटी म्हणाली. "मी वर होते. तुमची लेक माझ्याकडे आली होती, कपडे दाखवायला." ती बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा बदलत गेला, आणि थोरलीला मान खाली असूनही ते समजलं. आता ही रडेल, नाहीतर भांडेल, असं वाटून थोरलीचा चाकू थांबला.

धाकटी रडली नाही आणि भांडलीही नाही. अडलेलं कोडं सुटल्यासारखा तिनं एक लांब सुस्कारा सोडला. "तरीच," म्हणाली. "अहो, मग तेवढंच कमी पडतंय." तिनं मोबाइलवालीचा पिवळा शर्ट टेबलावर पसरला, इस्त्रीची कळ फिरवली, ती तापेपर्यंत थांबली, आणि जिन्याशी जाऊन वर हाक मारली, "ए, मैत्रिणीकडे जाणार आहेस ना? ये बघू खाली."

मुलगी उतरली. निळा झगा आणि कमरेला रुंद पट्टा. ती शेवटच्या पायरीवर आली.

"विचार," धाकटी म्हणाली.

"काय विचारू?"

"रोज विचारतेस तेच. मला विचार. जरा मोठ्यानं."

मुलीनं आईकडे बघितलं, काकूकडे बघितलं. "काकू, हे चालेल का?"

"चालेल म्हणजे काय," धाकटी तोंडभरून म्हणाली, "धावेल. तुझ्या आईला सात जन्मांत सुचलं नसतं."

इस्त्री सातावर टेकली होती. ती कधी टेकली ते थोरलीला कळलं नाही. तिचा हात खाली सरकला, सरळ, दात-ओठ खाऊन, आणि तोच जळकट वास सुटला. तिनं इस्त्री उचलली. साताचा पाय काठापर्यंत झुळझुळीत ओघळला होता.

"जमलं," धाकटी हळूच म्हणाली.

थोरली शर्टाकडेच बघत होती. "पट्टा काढ," ती मान वर न करता म्हणाली. "झग्याचा सगळा घेर मारून टाकलास."

मुलीनं काकूकडे बघितलं. काकूला छतावर काहीतरी दिसलं असावं, ती तिकडं बघत राहिली. मुलीनं पट्टा सोडला, आरशात वळून बघितलं, आणि तो जिन्याच्या कठड्यावर टाकून निघून गेली.

मोबाइलवाली आली ती शर्ट बघून हरखलीच. दारातून बाहेर पडता पडता वळून म्हणाली, "तुम्ही त्या फोटोतल्या बाईंच्या जाऊबाई, नाही का?"

"नाही," थोरली म्हणाली आणि पुढचा शर्ट ओढून घेतला. "ती माझी जाऊ."