पहिल्या फुलांची खीर

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. रिसॉर्टवर सगळे मला टरकून असतात. भांडं नीट घासलं नाही तर मी ते परत मोरीत टाकते. मॅनेजर साहेब किचनमध्ये येऊन भाजी चाखायला लागले, तर त्यांनाही म्हणते, "साहेब, तुम्ही बाहेरचं पाहा न बाप्पा." अशी मी. आणि जिथं खरंच बोलायला हवं होतं, तिथं माझी दातखीळ बसली. त्या दिवसाचं हे सांगते आहे.

आमचं रिसॉर्ट चंद्रपूरकडच्या जंगलाला अगदी खेटून. पाहुणे वाघ पाहायला येतात. माझं माहेर कोरपन्याकडचं, कापसाचं. मोह म्हणजे दारू, याच्यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. नवरा गेल्यावर इथं बांधकामावरच्या मजुरांच्या पोळ्या लाटायला लागले आणि हळूहळू सगळं किचन माझ्या हातात आलं.

मालकांना पहिल्यापासून निसर्गाचं वेड. प्लास्टिकची बाटली आत यायची नाही. न्हाणीचं पाणी केळीच्या वाफ्यात. जेवण पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर, आणि त्या पत्रावळी शेजारच्या गावच्या बायांनी टाचलेल्या. उष्टं-खरकटं खताच्या खड्ड्यात, वर जड झाकण, नाहीतर रानडुकरं हजर. सुरुवातीला मी हसायची. म्हणायची, हे तर आमच्या गावात पयलेपासून होतं, त्याचे पैसे काय मोजता? पण खरं सांगते, मलाही ते आवडायला लागलं. माझ्या किचनमधून कचऱ्याची एक थैलीसुद्धा बाहेर जात नाही, हे मी पाहुण्यांना छाती पुढे काढून सांगायची.

रिसॉर्टच्या मधोमध एक मोठा मोह आहे. बांधकाम सुरू झालं तेव्हा जेवणाचा हॉल तिथंच यायचा होता. एक दिवस एक म्हातारी येऊन त्या झाडाला पाठ लावून बसली. शेजारच्या गोंड वस्तीवरची. उठायलाच तयार नाही. तिच्या गावात प्रत्येक मोहाला घर ठरलेलं असतं. कागद नाही, सातबारा नाही, पण कोणतं झाड कोणाचं ते लहान लेकराला विचारा. हे झाड तिच्या सासऱ्याचं, म्हणजे तिचं. जमिनीचा कागद मात्र दुसऱ्याच माणसाच्या नावावर होता, आणि त्यानं ती मालकांना विकली होती.

तेव्हा माझी जीभ बरोबर चालली. मी मालकांना तोंडावर म्हटलं, "हे झाड कापलं तर कायचा आला तुमचा निसर्ग?" ते हसले आणि हॉल दहा पावलं सरकवला. ठरलं असं की झाड तिचंच राहील, सकाळी येऊन ती फुलं वेचेल आणि किचनला लागतील तेवढी आम्ही तिच्याकडूनच घेऊ. मालकांची अट एकच होती. मोहाखालचा पाला जाळायचा नाही. इकडे फुलं पडायच्या आधी सगळे तो जाळतात, जमीन साफ झाली की फुलं दिसतात म्हणून. आणि तीच आग मग जंगलात शिरते.

"झाडून काढाले माही कंबर हाय का?" म्हातारी म्हणाली.

"माही हाय न, बाई," मी म्हटलं.

तेव्हापासून दर वर्षी आम्ही दोघी खराटा घेऊन त्या झाडाखाली. ती मला पोरी म्हणायची. मोहाच्या फुलातले केसर कसे काढायचे, फुलं किती भाजायची, तिळासोबत लाडू कसा वळायचा, सगळं तिनं शिकवलं. आणि आणखी एक गोष्ट सांगितली. नवी फुलं कितीही पडू देत, पंडुम झाल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. पंडुम म्हणजे त्यांचा सण. गावचा भूमक, म्हणजे पूजा करणारा, दिवस ठरवतो. पहिली फुलं गेलेल्या माणसांच्या नावानं ठेवायची, मग आपण खायची. ही गोष्ट मला माहीत होती. मला माहीत नव्हतं असं मी कोणाला म्हणू शकत नाही.

त्या वर्षी फुलं लवकर पडायला लागली. पंडुमला चार दिवस बाकी होते, आणि त्यातच रिसॉर्टची तपासणी आली. निसर्गाला धरून चालणाऱ्या हॉटेलांना कसलंसं प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी बाहेरून दोघं येणार होते. मॅनेजर साहेबांची नुसती धावपळ. "ताई, आपल्या स्वतःच्या झाडाचं काहीतरी गोड पाहिजे. इथलं, ताजं."

माझ्या बरणीत मागच्या वर्षीची वाळलेली फुलं होती, चांगली दोन किलो. त्यांची खीर झाली असती. पण वाळलेलं फूल काळपट, मनुक्यासारखं. ताजं फूल कसं मोत्यासारखं दिसतं! मला माझ्या खिरीचा तोरा. पहाटे पाहुण्यांचे सफारीचे डबे भरून झाले, तशी मी झाडाखाली गेले आणि ओंजळभर फुलं उचलली. मनाशी म्हटलं, ओंजळभरच तर आहेत, तिला कशाला कळतंय.

दुपारी तपासणीवाले हॉलमध्ये बसले आणि मॅनेजर साहेब म्हातारीला घेऊन आले. मला पत्ताच नव्हता. धुतलेलं लुगडं, केसाला तेल. साहेबांनी तिला त्या दोघांच्या मधे बसवलं आणि सांगायला लागले, या झाडाच्या मालकीण याच. आणि मला हाक मारली, "ताई, बाईंनाही खीर द्या."

मी वाटी घेऊन उभी. तेव्हा म्हणता आलं असतं, "बाई, तुम्ही नका खाऊ." इतकंच. पण तपासणीवाले पाहत होते, साहेब पाहत होते, आणि मला वाटलं आता काही बोलले तर सगळंच हातचं जाईल. मी वाटी तिच्यापुढे ठेवली. तिनं वाटीत न पाहता, माझ्याकडे पाहून हसत पहिला चमचा तोंडात घातला. तिला वाटलं असणार, बरणीतल्या फुलांची आहे. मी केली आहे न.

जिभेला कळलं तिच्या. चावता चावता ती थांबली. घास तळहातावर काढला, पदराच्या टोकात बांधला आणि उठली. साहेब म्हणाले, "काय झालं, फार गोड झाली का?"  ती जाताना झाडाच्या पलीकडून गेली, त्याच्या सावलीतून नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. पाय धरायला वाकले, तर तिनं पाय मागं घेतले.

"तुह्यावर राग नाई, पोरी," ती म्हणाली. "भूमक म्हणते, कोंबडी दे, अंडं ठेव, दोष फिटते. मी देईन. पन त्या झाडाचं पयलं फूल पाहुण्याच्या वाटीत गेलं न? मंग माह्या सासऱ्याच्या नावानं झाडाखाली मी आता काय ठेवू?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी ठेवा, मी राखण करते. ती म्हणाली, "तूच तं राखन करून राह्यली होती."

त्यानंतर ती रिसॉर्टच्या फाटकातून आत आलीच नाही. मला वाटलं, साहेब तिला समजवायला जातील. कशाचं काय! प्रमाणपत्र आलं, हॉलमध्ये लागलं, आणि साहेब म्हणाले, "त्यांनी स्वतःहून सोडलं ना झाड? मग आपणच वेचू. पाहुण्यांना वेचायला देऊ, त्यांनाही मजा." त्यांनी झाडाखाली हिरवी जाळी अंथरायला घेतली. मी भडकले. म्हटलं, झाड तिचं आहे, तुमच्या मालकांनी जबान दिली आहे. साहेब शांतपणे म्हणाले, "ताई, फुलं तर तुम्हीच तोडून आणली होती." तोडून नाही, उचलून, एवढंच काय ते माझ्या तोंडून निघालं.

आता म्हातारीच्या वाट्याला राहिली नाल्यापलीकडची दोन झाडं. ती जंगलात आहेत. रिसॉर्टला तारेचं कुंपण होतं, तिथं वाघ येत नव्हता. नाल्यापलीकडे येतो. मोह वेचायचा तो उजाडता उजाडता, हरणं खायच्या आधी, आणि वेचणारी बाई वाकलेली असते, वाकलेलं माणूस वाघाला जनावरच वाटतं. मागच्या सालीच पलीकडच्या पाड्यातली एक अशीच वेचताना गेली. फॉरेस्टवाले सांगतात, एकट्यानं जाऊ नका. म्हातारीच्या घरात दुसरं कोणी नाही. तिला कोण सोबत देणार?

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. डबे भरता भरता माझे कान नाल्याकडे. हरणांचा ओरडा ऐकू आला की तव्यावरची पोळी करपायची. किचनमधल्या पोरी मला हसायच्या, म्हणायच्या, ताईंचं लक्ष कुठी हाय? मी त्यांच्यावर खेकसायची आणि मग मलाच रडू यायचं.

या वर्षी पंडुम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, मोह पडतो आहे तोवर सकाळचे डबे माझ्याकडून होणार नाहीत. ते म्हणाले, काऊन? म्हणजे का. इतकी वर्षं इथं राहून आमचा तेवढा एक शब्द शिकले आहेत.  मी किचनमधली मोठी स्टीलची थाळी आणि पळी घेतली आणि नाल्यापलीकडे गेले.

म्हातारी टोपली घेऊन येतच होती. मला पाहून थांबली.

"काऊन आली?"

"तुम्ही वेचा. मी बाजूनं वाजवते. जनावर असलं तं दूर जाते."

तिनं थाळीकडे पाहिलं. मग झाडाखाली वाकली. मी वाजवायला लागले. तांबडं फुटत होतं, खाली सगळी फुलंच फुलं, आणि ती एकटी म्हातारी वाकून वाकून वेचत होती, मधून कंबरेवर हात ठेवून उभी राहत होती. मला राहवलं नाही. थाळी बगलेत धरून मी वाकले.

"नाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू थाळीच वाजव. फुलाले हात नको लावू."

मी उभी राहिले आणि वाजवत राहिले. ती वेचत राहिली. टोपली भरली तेव्हा तिनं ती एकटीनंच डोक्यावर घेतली. मी पुढं होऊन वाजवत निघाले. उद्या ये म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही.