सूप थाळी

हॉटेल काढणाऱ्यांना कुणीतरी एकदा बसवून सांगायला पाहिजे की बाबांनो, ताट नावाची एक वस्तू असते. ती गोल असते, तिला काठ असतो, तिच्यातला रस्सा मांडीवर येत नाही. बारामतीहून इंदापूरकडं निघालं की हल्ली कुठं सरळ ताटात जेवायला मिळेल तर शपथ. एकानं मटण घमेल्यात वाढायला सुरुवात केली. ते बघून दुसऱ्यानं फावड्यावर भात आणला. तिसऱ्यानं पाट्यावर ठेचा आणि पाट्यावरच भाकरी. पुण्याची माणसं गाडीतून उतरतात, आधी फावड्याचा फोटो काढतात आणि मग त्यावरचा भात खातात. आमच्या दारातलं फावडं गोठ्यात चालतं. ते एकदा येऊन बघा म्हणावं, मग जेवा.

मला ह्या प्रकाराचा राग येतो त्याला कारण आहे. लासुर्ण्याला माझ्या माहेरी आम्ही भावंडं एकाच जर्मनच्या परातीत जेवायचो. धाकट्या भावाचा हात भराभर चालायचा, त्यामुळं कालवण कायम त्याच्या बाजूला पळायचं आणि मी कोरडा घास चावत बसायचे. माझं स्वतःचं असं ताट मला लग्नात मिळालं. स्टीलचं, मागं माझं नाव घातलेलं. सासरी आल्यावर कुणी बघत नसलं की मी ते पालथं करून नाव वाचायचे. आणि आता ज्यांच्या घरी ताटं कपाटात मावत नाहीत, ते मुद्दाम गाडी काढून घमेल्यात जेवायला येतात. येऊ देत. त्यांचं तोंड, त्यांचं घमेलं. पण आमच्या पुतण्यानं हॉटेल काढलं आणि ही पीडा माझ्या घरात शिरली.

पुतण्या म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा मुलगा. वाईट नाही पोरगा. बोलायला गोड, कामाला वाघ. पण त्याच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते काढायला डॉक्टर लागेल. निमगाव केतकीच्या अलीकडं आमची तरकारीची जमीन रस्त्याला लागून आहे, तिच्या कोपऱ्यावर त्यानं पत्रे टाकले, बैलगाडीची चाकं भिंतीला टेकवली आणि बोर्ड लावला. घमेलं आणि फावडं दुसऱ्यांनी आधीच पळवलेलं, मग ह्याला काहीतरी नवीन पाहिजे होतं. ह्यानं काढली सूप थाळी. म्हणजे धान्य पाखडायच्या सुपात जेवण. खाली वर्तमानपत्र, वर भाकरी, सुकं, कांदा, आणि मधे रश्श्याची वाटी.

आता आमच्या घरातल्या सुपाबद्दल सांगते. पाखडायची सुपं आमच्याकडं दोन-तीन होती, ती कोठीत पडलेली असायची. एक सूप मात्र माजघरात खुंटीला असायचं. सासूबाईंच्या वेळचं, बारीक विणीचं. दर दिवाळीच्या आधी मी कागदाचा लगदा आणि मेथ्या वाटून त्याला लिंपायचे. त्यात धान्य कधी पाखडलं नाही. ते फक्त घरात मूल जन्मलं की खाली यायचं. पाचवीच्या दिवशी दिवेलागणीला त्यात जोंधळे पसरायचे, वर जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, त्यावर बाळ. मग घरातल्या थोरल्या बाईनं सूप हातावर घेऊन पाखडल्यासारखं हळूच हलवायचं. फोल उडून जावं आणि दाणा राहावा, असं सासूबाई सांगायच्या. माझी लेक त्यात निजली होती. हा पुतण्यासुद्धा. त्याची आई तेव्हा तापानं फणफणली होती, सासूबाईंचे हात थरथरायचे, म्हणून त्याला मीच त्या सुपात ठेवलं आणि मीच हलवलं.

माझी लेक पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. असल्या गोष्टींना हसणारी. मी नारळ ओवाळायला लागले की तोंड फिरवून हसायची. मागच्या खेपेला तिचं सातव्या महिन्यात गेलं. त्यानंतर ती हसायची बंद झाली, माझ्या नारळालाही आणि बाकी कशालाही. ह्या वेळी बारामतीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. चांगली रडणारी, मूठ आवळलेली. मी बाळाला दुपट्यात गुंडाळत होते, तेवढ्यात लेकीनं माझा पदर धरला आणि म्हणाली, "आई, आपलं ते सूप काढून ठेव हं." एवढंच म्हणाली. मी मान हलवली.

पाचवीच्या दिवशी सकाळी आम्ही बाळ-बाळंतिणीला घेऊन घरी आलो. मी भाकरतुकडा ओवाळला, पाय धुतले आणि माजघरात गेले तर खुंटी मोकळी.

"आवं, सूप कुठाय?" मी ह्यांना विचारलं.

हे ओट्यावर चहा पीत बसले होते. "कंचं सूप?"

"खुंटीचं."

"त्ये व्हय. पोरगं आलं हुतं न्ह्यायला. त्याची पाच-सात सुपं कमी पडत हुती, शनवार-रविवारची गर्दी. कोठीतली दिली, वरनं त्ये बी दिलं. पडूनच हुतं की."

पडूनच होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवघरातले देवसुद्धा पडूनच आहेत, त्यांनाही द्या म्हटलं पातेलं झाकायला. लेक दवाखान्यात वेणा देत होती आणि तिचा बाप घरातलं सूप मटणाला देत होता. मी बोलायला लागले की आमच्या घरातली माणसं काम काढून शेतात जातात, पण त्या दिवशी ह्यांना मी उठू दिलं नाही. "गाडी काढा," म्हटलं. ह्यांनी फटफटी काढली. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, हे मागं मागं हळू चाललेले, आणि मी मागं बसून कानात बोलतच होते. हे उत्तर म्हणून फक्त हॉर्न वाजवायचे. हुशार माणूस.

हॉटेलात गर्दी होती. मी आत शिरले तर टोपी घातलेला एक वेटर आडवा आला. नवीन होता, मला ओळखत नव्हता.

"बसा काकू. काय आणू?"

"मला माझं सूप पायजे."

"टोमॅटो का मंचाव?"

मी त्याच्याकडं बघतच राहिले. तो आपला पेन्सिल धरून उभा. "आरं बाबा, सूप. माझ्या घरचं सूप."

"घरच्यासारखंच असतंय काकू. पार्सल पायजे का?"

हे मागं उभे होते, त्यांना हसू आलं. त्यांचं ते हसू मी अजून विसरलेले नाही आणि त्यांनाही विसरू देत नाही. वेटरला बाजूला सारून मी टेबलाटेबलावरून फिरले. सगळीकडं सुपं. कोपऱ्यातल्या टेबलावर चार माणसं बाह्या सरसावून बसलेली, आणि त्यांच्या मधे माझं सूप. ओळखायला वेळ लागला नाही. एका बाजूची कड उसवली होती तिथं मी माझ्या साडीच्या हिरव्या काठाची पट्टी शिवली होती. त्या पट्टीवर आता हाडं काढून ठेवली होती. वाटी कलंडली होती आणि रस्सा वर्तमानपत्र भिजवून खाली गेला होता.

मी हात जोडले त्या माणसांपुढं. "तुमची चूक न्हाय," म्हटलं, "पन ह्ये सूप मी नेनार हाय. ह्यात माझ्या नातीला ठिवायचंय." बिचारे चारीजण हात वर धरून उठले. मी वेटरला सांगितलं, "ह्यांना ताटं आन."

वेटर म्हणाला, "काकू, आपल्याकडं ताटं न्हाईत."

एवढं मोठं हॉटेल, पन्नास माणूस जेवतंय, आणि ताट नाही. शेवटी आतून भाजी निवडायची परात आली. चार मोठे बाप्ये तिच्यात जेवायला बसले, आमच्या लासुर्ण्यासारखे.

तोवर पुतण्या गल्ल्यावरून धावत आला. "काकी, काय झालं? मला फोन करायचा की. नवं सूप धाडलं आस्तं."

"नवं तू मला धाडनार? आरं, ह्या सुपात तुला ठिवला हुता मी. तुझी आय तापानं बेसुद, आन तू येवढासा, माझ्या हातावर. ह्याच सुपात. त्यात तू हाडकं वाढतुस?"

त्यानं सुपाला हात लावला, हिरव्या पट्टीवरून बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, चला, पोरगं घरचं आहे, कळलं त्याला. माझा राग अर्धा उतरलासुद्धा.

मग तो म्हणाला, "काकी, ह्ये लई भारी हाय. मेनूकार्डावरच टाकतो. ज्या सुपात मालक वाढले, त्याच सुपात तुमाला वाढतो."

माणसाला किती राग येऊ शकतो ह्याचा मला त्या दिवसापर्यंत अंदाज नव्हता. सूप उचललं आणि गाडीवर जाऊन बसले.

घरी आल्यावर राखेनं घासलं. कढत पाणी ओतलं तर लिंपण सुटून आलं, इतक्या दिवाळ्यांचं, पापुद्रे पापुद्रे. शिकेकाई लावली, लिंबू चोळलं, उन्हात टाकलं. बांबू तेल प्यायला होता. मधोमध वाटीच्या बुडाचा गोल तांबडा डाग, आणि नाक जवळ नेलं की मटणाचा मसाला. हे दोनदा येऊन बघून गेले. "बाजारातनं नवं आणू का?" म्हणाले. मी नुसतं वर बघितलं, तसे ते बैलं बघायला गेले. आमच्याकडं बैलं नाहीत.

दिवेलागणीला पाट मांडला, दिवा लावला, जोंधळे पसरले, वर लुगड्याचा तुकडा दुहेरी घातला. लेक बाळाला घेऊन आली. वाकली आणि तशीच थांबली.

"आई, ह्याला वास कसला येतोय?"

सांगावं लागलं. घरात पसरलेली गोष्ट तिच्यापासून किती लपवणार. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं म्हणेल, असू दे. तिनं बाळ छातीशी घट्ट धरलं.

"कुणाकुणाचं उष्टं सांडलंय ह्यात," ती म्हणाली. "मी न्हाय ठेवणार हिला. नको आई. ह्या वेळी नको." आणि ती रडायला लागली, बाळंतिणीनं रडू नये तशी, हुंदक्यांनी.

तिनं जन्मात एकच गोष्ट मागितली होती आणि ती मला देता आली नाही. कुणावर ओरडू? जिच्यासाठी भांडले तीच समोर रडतेय. मी सुपातले जोंधळे परातीत ओतले. परत बघितलं, तर त्यांनाही वास. तेही बाजूला केले. कणगीतले नवे काढले, जमिनीवर मांडी घालून बसले, माझ्या पदरात पसरले, वर लुगड्याचा तुकडा. "आन तिला," म्हटलं. लेकीनं बाळ माझ्या पदरात ठेवलं. मी पदराची दोन टोकं धरून हळूच हलवलं. जोंधळे मांडीला टोचत होते. बाळानं जांभई दिली.

सूप जाळू नये म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाळलं. बाळाच्या आंघोळीचं पाणी तापवायला चुलीत घातलं. हिरवी पट्टी आधी उसवून घेतली. एवढं तेल पोटात असल्यावर काय, भडकन पेटलं. पाणी छान तापलं. नातीला मी पायावर घेऊन चोळून चोळून न्हाऊ घातलं.

मी तिला शेक देत होते तेवढ्यात पुतण्या आला. हातात पेढ्याचा पुडा, बाळाला टोपडं, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला कोणतरी बरोबर. मेनूकार्डासाठी फोटो पाहिजे होता. आधी बाळाचे लाड केले, मग माझे केले, मग चुळबुळत म्हणाला, "काकी, ते सूप कुठाय?"

मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि त्याला विचारलं, "कंचं पायजे? टोमॅटो का मंचाव?"