दिघे सरांची अंधारखोली

एकाच खोलीत जन्मभर झाडू मारला की धूळ निघून जाते, किस्से मात्र कोपऱ्यात साचत राहतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका कॉलेजात मी चपरासी होतो. शाळेत कधी गेलो नाही, कॉलेजात मात्र रोज जायचो. माझ्याकडे उजेडाच्या प्रयोगांची खोली होती. भिंतींना काळा रंग, दाराला दुहेरी पडदा, आत सोडियमचा पिवळा दिवा.

*

आमचे स्टोअरकीपर कारखानीस. बायकोनं लुगड्याचा तुकडा देऊन नया बाजारात पाठवलं, याला जोडीचा खण आणा म्हणून. हे दुकानातून खणांचे नमुने घेऊन सरळ अंधारखोलीत आले आणि दिव्याखाली जुळवत बसले. त्या दिव्यात लाल काय, हिरवं काय, सगळं काळपटच दिसतं. लगेच जुळलं!

दुसऱ्या दिवशी विचारलं, "वहिनी काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, चोळी शिवते आणि तुमच्या त्या खोलीतच घालते. जेवायलाही तिथंच या."

*

त्या खोलीत दिघे सर शिकवायचे. एकदा मी विचारलं, "सर, पोरं दिव्यासमोरच्या त्या नळीत बघतात तरी काय?"

सरांनी घंगाळात पाणी घेतलं आणि दोन बोटं बुडवून हलवली. "हे बघ. लाटेवर लाट चढली की पाणी उंच होतं. चढाला उतार भेटला की सपाट. उजेडही असाच लाटांनी चालतो, नारायण. एकाच दिव्याचा उजेड दोन बारीक फटींतून सोडला, की कुठे झळाळी येते, कुठे काळी पट्टी."

"उजेडात उजेड मिसळून काळोख?"

"हो."

कारखानीस दारातून म्हणाले, "त्यात काय नवल? ग्वाल्हेर आणि इंदूर एकत्र केलं, आपल्याकडे काळी पट्टी आली."

दिवसच तसे होते. संस्थानं जाऊन आधी मध्य भारत झाला, मग तोही मोडून राजधानी भोपाळला गेली. कोणाला ठेवणार, कोणाला घरी बसवणार, दुसरं बोलणंच नव्हतं. सर हसले नाहीत.

*

सरांचे डोळे जात होते. काचबिंदू. कारखानीसांना आणि मला तेवढं ठाऊक. एकदा व्हरांड्यात खुंटीवरच्या कोटाला सर रागावले, "उशीर का केलास?" कोट गप्प. मीच म्हटलं, "चुकलं, सर."

अंधारखोलीत मात्र ते बिनधास्त. तिथं कोणाला दिसतंय आणि कोणाला नाही, कळायला मार्गच नव्हता. ती खोली होती तोवर नोकरी होती. शिकवण्यावाचून त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं.

*

मग एक जण टेप घेऊन खोली मोजायला आला. नव्या खात्याच्या फायलींना जागा हवी होती. "इसमें खिड़की क्यों नहीं?"

सर म्हणाले, "रोशनी देखने को अँधेरा लगता है."

टेपवाला कारखानीसांकडे वळला, "पुराने राज में यही होता था?"

"जी. अब फ़ाइलें देखा करेंगे."

*

शेवटी भोपाळहून अधिकारी आले. खोली ठेवायची की रिकामी करायची, ते त्यांच्या हातात. सरांनी चाचपत फटी बसवल्या. मी दिवा लावला, पडदे ओढले, नळीत पाहिलं. पट्ट्या छान पडल्या होत्या. अधिकारी नळीवर वाकले.

आणि वीज गेली. मिट्ट काळोख.

सर बोलतच होते. "देखिए, पीली, फिर काली, फिर पीली. लहर है, साहब. रोशनी लहर बनके आ रही है. दिखीं?"

नळीपाशी वाकलेल्या अधिकाऱ्यांचा आवाज आला, "दिख रही हैं, सर. बिल्कुल साफ़." मग म्हणाले, "आपने बहुत पढ़ाया. अब आराम कीजिए."

पडदा शोधत शोधत ते बाहेर गेले.

सर तिथंच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "नारायण, दिवा मालव."

मी भिंतीशी गेलो आणि बटण बंद केलं.

"मालवला, सर."