लॅपटॉपला तांदूळ

आमच्या घरात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला मी एकटाच. त्यामुळे कॉम्प्युटर बिघडवायलाही दुसरं कोणी नव्हतं.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. दादा बंगलोरला इंजिनिअर, वहिनी पुण्याची, आणि त्यांच्या बाळाचं बारसं पुण्याला, नेमकं रोवण्याच्या दिवसांत! बांधीत धानाची रोपं लावायची सोडून आमच्या फुलचूरहून कोण हलतं? दादा म्हणाला, "आई, तू लॅपटॉपवर पाह्य." पहिला नातू! आई दुपारीच बांधीतून परतली, पायाचा चिखल धुतला, ठेवणीतलं लुगडं नेसून लॅपटॉपसमोर बसली.

मी ऐटीत बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला. पडदा काळाकुट्ट!

"काऊन रे, का झालं?" आईनं विचारलं.

"थांब ना, चालू होऊन राहिला."

बॅटरी काढली, फुंकर मारली, परत लावली. दिवा, पंखा, अंधार! तेवढ्यात मोबाईल वाजला. दादा! "चालू करून राहिलो ना!" म्हणत त्याला बोलू न देता मी फोन कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

"ओल धरली असन," बाबांनी निदान केलं. "धान ओला झाला तं मानूस का करते? उनात टाकते."

"बाबा, बाहेर पानी पडून राहिला!"

"मंग तांदूळ टाक. तांदूळ ओल पिते." (आमच्याकडे तांदळानं न सुटणारी अडचण अजून जन्माला यायची आहे.)

लॅपटॉप उघडाच परातीत ठेवला. आईनं सूप भरून आणलं, त्याच्यावर ओणवली आणि डोळे मिटून हळूहळू तांदूळ सोडू लागली. "दिसू दे रे देवा, माह्या नातवाचं तोंड दिसू दे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा मोबाईल. या वेळी बाबांनी उचलला.

"फोन कायले कापून राहिला बे?" दादाचा आवाज घरभर घुमला. "तुम्ही सारे दिसून राहिले ना इकडं! केव्हाचे पाहून राहिलो आमी!"

लॅपटॉप चालू होताच व्हिडिओ कॉल आपोआप उचलला जायची सोय दादानंच करून ठेवली होती. आणि बॅटरी वाचावी म्हणून सकाळी माइक बंद करून आवाज आणि पडद्याचा उजेड पार शून्यावर आणणारा मी!

"उजेड वाढव, येड्या!" दादा ओरडला.

दाणे बाजूला सारून मी उजेड, आवाज, माइक सगळ्यांची बटणं दाबली. पाळणा, पाहुणे, आणि आमच्याकडे टकमक बघणारं बाळ! आई हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. (कोंडा गेला म्हणे.) ते आठवलं की मला अजून भरून येतं.

तेवढ्यात वहिनीच्या आई हात जोडून पुढे आल्या. "विहीणबाई, इतक्या दुरून अक्षता टाकून आशीर्वाद द्यायची तुमची पद्धत फारच सुंदर हो!"

आईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "पूर्वापार चालत आलीय."

आता त्यांच्या नात्यात कुठेही बारसं निघालं की पुण्याहून मला फोन येतो, "लॅपटॉपवर तांदूळ किती टाकायचे हो?" मी गंभीरपणे सांगतो, "सूपभर. पण आधी पडद्याचा उजेड शून्यावर आणा, नाहीतर आशीर्वाद लागत नाही!"