हयातीचा दाखला

आईने उभा जन्म सोलापुरात विड्या वळल्या. त्या कामाच्या पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागायचा, आणि दाखल्यासाठी मशीनवर अंगठा. पान दाबून दाबून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या. मशीनचा दिवा लाल व्हायचा.

"आजी, अंगठा जरा केसांवर घासा. तेल लागलं की उमटतो," क्लार्क म्हणायचा.

आई घासायची, परत ठेवायची. परत लाल.

"मी हितंच बसलेय की," ती म्हणायची.

"मला दिसताय हो. मशीन घेत नाही, त्याला मी काय करू? सोमवारी या."

पहिल्या वर्षी मी भांडले. जिवंत बाई समोर बसलीये, अजून कसला पुरावा पाहिजे, म्हणून ओरडले. सगळी रांग माझ्याकडे बघत राहिली. पुढे भांडणं सुटलं. पेन्शन ऑफिसला निघताना मीच आईच्या डोक्यावर तेल थापायला लागले. बाटलीही पिशवीत असायची.

आई गेल्यावर मृत्यूचा दाखला आणायला गेले, तेव्हा पिशवीत ती बाटली तशीच होती. दाखला एका फेरीत मिळाला. त्याला तिचा अंगठा लागत नव्हता.