राहून गेलेली एक सूचना

वडनेर भोलजीत एखाद्याची म्हैस हरवली, तर तो आधी म्हैस शोधत नसे. आधी तुळशीराम भोपळेला शोधी. तुळशीराम सापडला की म्हैस सापडल्यातच जमा. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर चार दिशांना तोंडं केलेले चार भोंगे आणि खाली टेबलावर एक माईक, एवढ्या सामानावर या माणसानं छत्तीस वर्षं गाव चालवलं. कागदोपत्री त्याची नेमणूक नळाचे व्हॉल्व्ह फिरवायला होती. पण पाणी आठवड्यातून दोनदा येई. आवाज रोज येई.

आवाज मात्र नामी. माईक नसता तरी चाललं असतं, असं लोक म्हणत. लाईट गेल्यावर खरोखरच चालायचं. "ऐका हो ऐका" झालं की तव्यावरची भाकर उलटायची राहून जाई. शिवाय तुळशीराम नुसती सूचना देत नसे, वर्णन करी. "शंकररावांची बकरी सकाळपासून बेपत्ता आहे. रंग काळा, कपाळावर पांढरी टिकली, डावा कान फाटका, स्वभावानं आगाऊ. कोणाच्या वांग्यात दिसली तर मारू नका, आणून द्या." हे 'स्वभावानं' त्याच्या पदरचं. प्रत्येक जनावराच्या वर्णनाचा शेवट तो स्वभावानं करी आणि सहसा चुकत नसे. एका म्हाताऱ्याची कवळी हरवली तेव्हा "वरचे दात, सुपारीची सवय असलेले" असं त्यानं जाहीर केलं. तासाभरात कवळी चहाच्या टपरीवर सापडली. एका उतावळ्या नवऱ्यानं तर बायको हरवल्याचं सांगायला लावलं. ती बाई पिठाच्या गिरणीत नंबर लावून बसली होती. तिथंच तिनं भोंग्यावर स्वतःचं वय ऐकलं, पाच वर्षं जास्तीचं. त्यानंतर त्या घरातून जे ऐकू आलं त्याला भोंग्याची गरज पडली नाही.

सगळ्या गावाचं सगळं सापडलं. तुळशीरामची स्वतःची मुलगी तेवढी राहिली.

संजीवनी, वय सोळा, दहावीची परीक्षा दिलेली. तेवीस एप्रिल एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या दुपारी ती घरातून गेली, ती परत आली नाही. आदल्या संध्याकाळी एवढंच झालं होतं की ती अकरावीला जाते म्हणाली, आणि तुळशीराम म्हणाला की दहावी पुष्कळ झाली, मे महिन्यात पाहुणे येणार आहेत. हेही मोठ्या आवाजातच, कारण त्याच्याकडे दुसरा आवाज नव्हता.

त्या दिवशी दिवेलागण झाली तरी पोरगी घरात नाही म्हटल्यावर तो पंचायतीकडे निघाला. उंबऱ्यात बायको, सरस्वतीबाई, आडवी आली.

"भोंग्यावर सांगू नोका," ती म्हणाली. "बकरी परत आली तं बकरीले कोणी काही विचारत नाही. पोरीचं नाव एकदा भोंग्यावर गेलं तं तिले सून कोण करीन? येते ती उद्या. कोणी विचारलं तं मामाकडे गेली म्हणा."

बायको सांगे ते तुळशीरामला पटायचं. दुसऱ्या दिवशी नळावर, कोणी विचारलेलं नसताना, तो म्हणाला, "संजीवनी मामाच्या घरी गेली. मलकापूरले. परीक्षा झाली ना." खोटं हळू बोलायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. नळापासून वेशीपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

'उद्या' करता करता नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दोघं पोलिसांत गेले, पण तोवर मलकापूरची गोष्ट गावभर इतकी पक्की झाली होती की तिथंही तीच सांगावी लागली: मामाकडे गेली होती, तिथून हरवली. मामा म्हणजे सरस्वतीबाईचा भाऊ वामनराव, मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये कापूस मोजणारा साधा माणूस. बहिणीची अब्रू म्हणून तो 'हो' म्हणाला. मग पोलिसांनी मलकापूरचं स्टेशन पालथं घातलं, भुसावळपर्यंत गाड्यांमधून फोटो फिरवला, वामनरावाला तीन दिवस बाकावर बसवून ठेवलं. भाची सांभाळता आली नाही, असं नातेवाईक त्याला मरेपर्यंत ऐकवत राहिले. दोन वर्षांपूर्वी तो गेला. अवाक्षर बोलला नाही.

आणि तुळशीराम भोंग्यावर बोलतच राहिला. बकऱ्या, किल्ल्या, दवाखान्याचे कागद, लग्नातल्या चपला. 'बेपत्ता' हा शब्द त्यानं त्यानंतर हजारदा उच्चारला असेल. त्या वेळी सरस्वतीबाई घराचं दार लोटून घेई. दार लोटून काही उपयोग नसे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक.

आता तुळशीराम चौऱ्याहत्तरचा. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीपासून त्याचा घसा बसला तो उठलाच नाही. गावानं हळद-दूध, ज्येष्ठमध, लवंग आणि एकमेकांविरुद्धचे सतरा उपाय सुचवले. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, गाठ आहे, सोमवारी भरती व्हा. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

परतीच्या एसटीत नांदुरा गेल्यावर सरस्वतीबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "सोमवारच्या आंधी एकदा सांगून टाका. खरं खरं. मले आता कोणाची लाज नाही."

शनिवारी सकाळी तो पंचायतीत गेला. तिथला ग्रामसेवक देवानंद चार वर्षांपूर्वी बदलून आलेला, भला माणूस.

"काका, आता भोंगा कोण ऐकते? सूचना मोबाईलवर टाकतो आपण. कशाची हाये?"

"हरवल्याची."

"काय हरवलं?"

"पोरगी."

देवानंदनं पेन उचललं. "कोणाची?"

"माही. तू लिवू नोको. मीच सांगतो."

माईकवर बोटानं टकटक केली, फुंकर मारली, तेवढं जुनं जमलं. पुढचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा निघाला.

"ऐका हो ऐका. तेवीस एप्रिल एकोणीसशे चौऱ्याण्णव रोजी दुपारी वडनेर भोलजी इथून, राहत्या घरून, संजीवनी तुळशीराम भोपळे, वय सोळा, रंग सावळा, उजव्या भुवईवर खूण, अंगात निळा पंजाबी ड्रेस, बेपत्ता आहे. ती मामाकडे गेली नव्हती. आम्ही खोटं बोललो होतो. मामाचा दोष नव्हता. कोणी तिला पाहिलं असेल तर कळवा." मग सवयीनं तोंडातून निघालं, "स्वभावानं..."

भोंगे नुसतेच घरघरत राहिले. गावातल्या एकूण एक बकरीचा स्वभाव सांगणारा माणूस माईक हातात धरून आठवत बसला. घरात ती त्याच्यासमोर फारसं बोलत नसे. तो असला की कोणालाच बोलायला जागा नसे. शेवटी त्यानं बटण बंद केलं.

सूचनेची सुरुवात ऐकण्याची पद्धत वडनेरात आता राहिली नाही. लोकांनी 'वय सोळा'पासून पुढचं ऐकलं. पाच मिनिटांत सात-आठ मोटरसायकली हायवेकडे सुटल्या, दोघांनी निळ्या ड्रेसची बातमी चार ग्रुपवर टाकली, आणि पार जानेफळहून कोणाचा तरी फोन आला की इथं निळ्या ड्रेसमधली एक पोरगी दिसून राह्यली, पण ती इथल्याच मास्तरची आहे. पंचायतीसमोर पन्नास माणसं जमली. सगळ्यांत पुढं रवी, गावातला हौशी धावपळ्या; गाडी बंद न करताच त्यानं विचारलं, "काका, किती वाजता गेली घरून?"

देवानंदनं त्याला तारीख सांगितली.

रवीनं गाडी बंद केली. मनातल्या मनात वजाबाकी केली. त्याचा जन्म त्या तारखेनंतरचा निघाला.

"एकतीस वर्षं," मागून कोणीतरी म्हणालं. "मंग आपण कायले पळून राह्यलो बे?"

कोणी हसलं नाही, कोणी वाईटही बोललं नाही. "सापडीन काका," असं दोघं-तिघं म्हणाले आणि आपापल्या कामाला गेले. मोटरसायकली परत आल्या. तासाभरात पंचायतीचा ओटा मोकळा झाला.

तुळशीराम ओट्यावर बसून होता. तेव्हा काठी टेकत भिमाबाई आली. वय ऐंशीच्या पुढं. चाळीस वर्षं ती हायवेच्या थांब्यावर भाजी घेऊन बसली होती, आता सून बसते. तिनं ओट्याच्या कडेला बूड टेकलं आणि दम खाल्ला.

"तुळशीरामभाऊ, तुम्ही आता म्हणलं, ती मामाकडे गेलीच नव्हती?"

"नव्हती गेली."

"मले दिसली होती ती," भिमाबाई म्हणाली. "थांब्यावर. तासभर उभी होती, थैली घेऊन. मलकापूरच्या बाजूले नाही, नांदुऱ्याच्या बाजूले. मी म्हटलं, बाई, उन्हात काऊन उभी राह्यली, इकडे सावलीत ये. आली नाही. सारखी मागं पाहे, गावाकडे. कोणी येऊन राह्यलं का, असं."

तुळशीराम तिच्याकडे वळला.

"भोंग्यावर तुमचाच आवाज येऊन राह्यला होता. शंकररावाची बकरी. दोनदा सांगतली तुम्ही. दुसऱ्यांदा झाली, अन् अकोल्याची एसटी आली, तिच्यात बसली."

"तेव्हा काऊन नाही सांगतलं, बाई?"

"सांगाले आलतीच ना मी. नळावर. तं तुम्हीच म्हणले, मामाकडे गेली, मलकापूरले. मले वाटलं, नांदुऱ्यावरून रेल्वेनं गेली असंल. बापाले माहीत नाही तं मले माहीत असंल काय?" तिनं काठीची मूठ पदरानं पुसली. "मंग मलकापुरात हरवली म्हणून ऐकलं. तं थांब्यावरचं कायले सांगाचं, असं झालं."

काठीवर भार देऊन उठताना ती म्हणाली, "डरेस निळा नव्हता हो पण. पिवळा होता. हिरवी ओढणी."

तेवढ्या एका गोष्टीला तुळशीरामनं दोन्ही हातांनी धरलं. निळा होता, त्याला पक्का आठवत होता, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नांदुऱ्याहून आणलेला. म्हातारीचं वय झालं, दुसऱ्या कोणाची तरी पोरगी असेल. थांब्यावर रोज किती उभ्या राहतात. घरी जाईपर्यंत त्यानं हे मनात पाच-सहा वेळा म्हटलं.

सरस्वतीबाई ओसरीत बसली होती. आज दार उघडं होतं.

"ऐकलं म्या," ती म्हणाली. "बरोबर सांगतलं तुम्ही सगळं. वामनचंही सांगतलं, बरं केलं. फक्त निळा नाही, पिवळा. निळा तं पेटीत हाये अजून. पिवळा घालून गेली ती, हिरव्या ओढणीवर."

तुळशीराम खाली बसला. चपला काढायच्या राहिल्या.

"कोणी आलतं काय?" तिनं विचारलं. "कोणी काही सांगतलं?"

ती त्याच्याकडे पाहत होती. 'मामाकडे गेली म्हणा' हे शब्द तिचे होते. ते तिला आठवतात की नाही, हे एकतीस वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं. सोमवारनंतर त्याला काहीच सांगता येणार नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "कोणीच नाही. तेव्हाचे लोक कुठी राह्यले आता गावात."

आयुष्यात पहिल्यांदा तो इतकं हळू बोलला की तिला ऐकू गेलं नाही.

"काय म्हणलं?" ती जवळ सरकली.

त्याला ते पुन्हा सांगावं लागलं.